तोंडी हिशेब : अडीचकी आणि एकोणपन्नास



तोंडी हिशेब म्हणजे घडाघडा पाढे म्हणणे, असा आपला समज असतो. पाढे हवेतच. पण ‘सात सक बेचाळीस’ झटकन म्हणणारे मूल ‘सत्तर सक?’ विचारल्यावर अडखळले, तर तो पाढा नुसता जिभेवर आहे असे समजावे.

जुन्या मराठी शाळांत साध्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, अगदी औटकीसुद्धा (म्हणजे साडेतीनची) पाठ करून घेत. इकडच्या हिंदी शाळांतले पौवा, अद्धा, सवैया, ढैया हे त्यांचेच भाऊबंद. रुपयाचे आणे १६ आणि पैसे ६४, तेव्हा पाव-अर्ध्याशिवाय बाजारात निभावच नव्हता. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि ही कोष्टके हळूहळू वर्गातून गेली. त्यांची घोकंपट्टी परत आणावी असे मुळीच नाही. त्यातली युक्ती मात्र आजही कामाची आहे.

४८ × २५ घ्या. अडीचकी कळलेले मूल म्हणेल, ४८ अडीच १२०, पुढे शून्य, १२००. दुसरे म्हणेल, २५ म्हणजे शंभराचा पाव. ४८ चा पाव १२, म्हणून १२००. दोन्ही रीती वर्गाला ऐकवाव्यात. उत्तरापेक्षा ‘कसे केलेस?’ हा प्रश्न मोलाचा आहे.

आपल्या मुलांची एक खास अडचण आहे. घरी एकोणपन्नास, बाहेर उनचास, वर्गात फॉर्टी-नाइन. इंग्रजीत दशक आधी, मराठी-हिंदीत एकक आधी. म्हणून ‘सत्तेचाळीस’ ऐकून लहान मुले ७४ लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले, ते याच कारणासाठी, आणि त्यावर महाराष्ट्रात केवढा वाद झाला! पण मराठी नावांत सोयही आहे. एकोणपन्नास म्हणजे पन्नासाला एक उणा. ४९ × ६ म्हणजे ३०० वजा ६, २९४. ८९ ला हिंदीत नवासी म्हणतात, त्यात नव्वद ऐकू येत नाही; आपल्या एकोणनव्वदमध्ये येते. तेव्हा घरचे अंक बंद करू नका. मूल ज्या भाषेत मोजते, त्या भाषेत मोजू द्या. उत्तर मात्र तिन्ही भाषांत म्हणवून घ्या.

वर्गात रोज पाच मिनिटे पुरतात. घड्याळ लावून शर्यत नको. दोन-चार हुशार मुले ओरडतात आणि बाकीची विचार करणेच सोडतात. उत्तर आले की छातीशी बोट धरावे, सर्वांची बोटे वर आली की मग विचारावे.

पेन्सिल न घेता करून पाहा : ६४ × २५, ५९ × ४, १२० रुपये किलोचे पेरू पाऊण किलो घेतले तर किती रुपये?

(उत्तरे : १६००, २३६, ९० रुपये)