आधी मीटर, मग स्विच

सकाळी ७. जव्हारच्या पावसात लाइटचा भरवसा नाही, म्हणून डोळ्यांची कामं उजेड आहे तोवर उरकायची. शेजारची मंडळी भाताच्या आवणीला निघालीत. माझ्या टेबलावर तोशिबाचा टी-१२०० आहे, १९८७ सालचा लॅपटॉप. नाशिकच्या एका वकिलांचा. नातवाने माळ्यावरून काढून एसटीने पाठवलाय. तक्रार एकच, चालू होत नाही. मी आधी बॅटरी काढतो, मग वास घेतो. पॉवर सप्लायच्या बोर्डाला सुकटासारखा वास मारतोय. म्हणजे कुठल्या तरी कपॅसिटरच्या पोटातलं रसायन बाहेर आलंय.

८:३०. बोर्ड भिंगाखाली. फुगलेला एकही नाही, आणि नवखे इथेच फसतात. २००० सालाच्या आगेमागे आलेल्या संगणकांत कपॅसिटरची डोकी फुगायची. हे जुने बहुधा बुडातून, रबरी बुचाच्या कडेने पाझरतात. वरून डबी नवीकोरी, खाली तांब्याचा ट्रॅक हिरवा आणि सोल्डर काळपट.

९:३०. ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मीटरवर ४१ दाखवतो. वीस टक्के इकडेतिकडे चालतात, तेव्हा हा पास. ईएसआर मीटर लावला तर ११ ओहम! असायला हवा एकाच्या आत. आतला द्रव आटला की अंतर्गत रोध, म्हणजेच ईएसआर, वाढतो. क्षमता बरी दिसते, पण सप्लायमधला झपाट्याने बदलणारा करंट त्याला पेलवत नाही. नुसत्या क्षमतेवर मी कधी निकाल देत नाही. पुढचे तीन समांतर जोडलेत. जागेवरच मोजले तर चांगला वाईटाला झाकतो, म्हणून एकेकाचा पाय सोडवूनच मोजायचं.

११. लाइट गेली, वकिलांच्या नातवाचा फोन मात्र आला.

“काका, एकदा लावून तर बघा ना!”

“पाच व्होल्टच्या जागी भलतंच गेलं, तर आजोबांचं मशीन भंगारात देशील का?”

तोवर धुलाई. गळलेल्या बॅटरीचे क्षार व्हिनेगरने उतरवले, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दात घासायचा जुना ब्रश. कपॅसिटरखालचं ओघळलेलं रसायन तर कणभरही ठेवायचं नाही; आमच्या दमट हवेत ते दोन ट्रॅकमध्ये वीज वाहू देतं.

२:३०. लाइट आली. जुन्या जोडाला आधी थोडं नवं सोल्डर द्यायचं, मग उपसायचं. सुकं तापवत बसलं की पॅडच उखडतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेले नवे कपॅसिटर १०५ अंशांपर्यंत तग धरणारे आहेत. नवे म्हणून सूट नाही, तेही मोजूनच बसतात. इलेक्ट्रोलिटिक तेवढे बदलले. सिरॅमिकला हात लावला नाही. सरसकट सगळंच उपटणाऱ्यांशी माझं जमत नाही.

५. सप्लाय एकटाच, खोटा भार म्हणून रेझिस्टर जोडून आणि करंटला मर्यादा घालून चालवला. पाच व्होल्टची लाइन ५.०२. स्कोपवर रिपल, म्हणजे व्होल्टेजमधली थरथर, किरकोळ. मगच मदरबोर्ड जोडला. पडद्यावर अक्षरं आली. उद्या फ्लॉपी ड्राइव्ह.

तुमच्याही माळ्यावर असा लॅपटॉप असेल, तर उत्सुकतेपोटी प्लग लावू नका. बॅटरी तेवढी आजच काढून ठेवा.