पोस्टरसमोर उभं राहताना

हिवाळा लागला की करमाडहून शहरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींच्या हातात पोस्टरच्या गुंडाळ्या दिसू लागतात. राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ साली सुरू झालेला ‘आविष्कार’ हा विद्यापीठांचा संशोधन महोत्सव त्याचं मोठं कारण. आधी पोस्टर, त्यातून निवड झाली तर व्यासपीठावर सादरीकरण. विज्ञान, शेती, औषधनिर्माण यांच्यासोबत भाषा आणि मानव्यविद्यांनाही तिथे जागा आहे, म्हणजे बी.ए.च्या मुलीलाही. शाळकरी मुलांसाठी १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद आहेच.

अडचण कुठे येते? मुलं मेहनत करतात, पण परीक्षक समोर आले की गप्प होतात. पोस्टरवरचं इंग्रजी कुठून तरी उचललेलं असतं, सजावट फ्लेक्सवाल्याची असते. आपल्या घरांत तर भाषांचा गुंता आणखी मोठा. उर्दू माध्यमातली मुलगी ज्याला ‘ज़ियाई तालीफ़’ म्हणून शिकली, त्याला मराठी शाळेतली मैत्रीण ‘प्रकाशसंश्लेषण’ म्हणते आणि अकरावीचं पुस्तक ‘फोटोसिंथेसिस’. गोष्ट एकच, पण कोणत्या नावाने सांगावी या धास्तीत ती सांगायचीच राहते.

म्हणून पहिली तालीम घरातच, घरच्या बोलीत करावी. दादीला किंवा अम्मीला समोर बसवून सांगा: काय शोधायचं होतं, कसं शोधलं, काय सापडलं. दादीने ‘फिर क्या हुआ?’ विचारलं तर समजा, जमतंय. ती तसबीह घेऊन उठली, तर पुन्हा सांगा. घरच्या बोलीत जमलं की मग कॉलेजच्या भाषेत. पाठ करून आलेला एक शब्द विसरला की पुढचं सगळं अडतं. समजून आलेला दुसऱ्या शब्दांत पुढे जातो.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात २००८ साली तीन मिनिटांत प्रबंध सांगण्याची स्पर्धा सुरू झाली. तिचं मूळ दुष्काळात आहे. पाणी वाचावं म्हणून लोक न्हाणीघरात तीन मिनिटांचं घड्याळ लावून अंघोळ आटपत. त्यावरून ही कल्पना सुचली. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

आता पोस्टर. ‘विहिरींच्या पाण्याचा अभ्यास’ हे शीर्षक काहीच सांगत नाही. समजा, बारा विहिरी पाहिल्या आणि मार्चअखेर त्यांतल्या पाच आटल्या, तर तेच वाक्य मोठ्या अक्षरात लिहा. अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या माइक मॉरिसनने २०१९ मध्ये हेच सुचवलं: मुख्य निष्कर्ष मधोमध, साध्या भाषेत. मात्र आपल्याकडे परीक्षक उद्दिष्ट, पद्धत आणि आकडे शोधतात, म्हणून ते बाजूला असायलाच हवेत. आलेखाच्या दोन्ही अक्षांवर काय मोजलं आणि कोणत्या एककात, हे लिहा. माहिती कुठून घेतली तेही खाली द्या. आकार, भाषा आणि वेळ यांचे नियम दरवर्षीच्या पत्रकात आधी वाचा.

छापण्यापूर्वी पोस्टर ए-फोर कागदावर काढून पाहा. हातात धरून वाचता येत नसेल, तर भिंतीवरही येणार नाही. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर छापल्यावर फुटतात. मजकूर पीडीएफमध्ये द्या. दुकानाच्या संगणकात मराठी जोडाक्षरं तुटतात आणि उर्दू तर विचारूच नका. झगमगीत फ्लेक्सवर ट्यूबलाइट चमकते, साधा कागद बरा.

समोर उभं राहिल्यावर पोस्टर वाचून दाखवायचं नाही. परीक्षकांना वाचता येतं. न तपासलेलं विचारलं, तर ‘ते आम्ही तपासलेलं नाही’ एवढं म्हणणं पुरे. थापेवर पुढचा प्रश्न येतोच.

एक गोष्ट आई-वडिलांसाठी. निवड झाल्यावर पुढची फेरी बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी असते, आणि तिथेच काही मुलींचं नाव गळतं. आदल्या दिवशी घाईत ‘नाही’ म्हणण्यापेक्षा नाव नोंदवतानाच विचारा: सोबत कोणत्या मॅडम आहेत, कार्यक्रम किती वाजता संपतो, परतायची सोय काय. अब्बूंना किंवा भावाला एक दिवस मोकळा ठेवता आला तर प्रश्नच मिटला. विद्यापीठ काही परदेशात नाही, जालना रोडनेच जायचं आहे.

आणि पोस्टरची घडी घालू नका. गुंडाळून पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात घाला. एसटीच्या गर्दीतही ते चुरगळत नाही, आणि असा तुकडा शेतावर कुठेतरी पडलेला असतोच.