माकडं एकटी पडली की काय करतात?

घर सोडून नाशिकला शिकायला आलाय ना? सुरगाणा, पेठ, कळवण, येवला, गाव कुठलंही असो. होस्टेलवरचे पहिले काही आठवडे आठवा बरं. मेसमध्ये ताट घेऊन कुणाशेजारी बसायचं, इथपासून प्रश्न! गावात 'अमक्याचा मुलगा', 'तमक्याची मुलगी' एवढी ओळख पुरायची. इथे ती चालत नाही.

ही वेळ फक्त तुमच्यावरच येते असं नाही. ब्रह्मगिरी चढताना, सप्तशृंग गडावर भेटतात ती माकडं घ्या. त्यांच्यात लेकी सहसा जन्मभर आईच्याच टोळीत राहतात. आजी, आई, मावशा, बहिणी हा टोळीचा कणा. आईचा टोळीत जो मान, साधारण तोच लेकीला मिळतो. मुलगे मात्र वयात आले, अंगात टेस्टोस्टेरॉन वाढलं, की बरेचसे टोळी सोडतात आणि परक्या टोळीत जागा शोधतात. तिथे आईचं नाव कामाला येत नाही.

काळ्या तोंडाच्या वानरांची गोष्ट आणखी कडक आहे. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा हे जपानी संशोधक बेळगावच्या पलीकडे धारवाडला वानरं पाहत होते. बाहेरून आलेल्या नरांनी टोळीच्या म्होरक्याला हुसकावलं आणि त्यानंतर टोळीतली दूधपिती पिल्लं मारली गेली. असं का? 1970च्या दशकात अबूच्या पहाडावर वानरांचा अभ्यास करणाऱ्या सारा ब्लॅफर हर्डी यांनी त्याचं उत्तर मांडलं. पिल्लू अंगावर पीत असतं तोवर आईच्या शरीरातलं प्रोलॅक्टिन वगैरे हार्मोन्स पुढची गर्भधारणा लांबवतात. पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराला स्वतःची पिल्लं होण्याची संधी मिळते. तेव्हा यावर बराच वाद झाला. पुढे सिंहांसह इतर प्राण्यांतही हाच प्रकार दिसला.

पण हर्डींनी आणखी एक गोष्ट टिपली होती. पिल्लांवर चालून आलेल्या नराला भिडायला टोळीतल्या म्हाताऱ्या माद्या पुढे यायच्या. स्वतःला पिल्लू नसलं तरीही! टोळीतली पिल्लं बहुधा त्यांच्याच रक्ताची. आजीचं काळीज म्हणतात ते हेच असावं.

मग रक्ताचं माणूसच गेलं तर? बोट्स्वानातल्या बबून माद्यांवरचा एक अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्या-सिंहांनी जवळची नातलग मारली, तेव्हा मागे राहिलेल्या माद्यांच्या विष्ठेत स्ट्रेस हार्मोन्स वाढलेले सापडले. पुढे काय झालं? त्या कोपऱ्यात बसून राहिल्या नाहीत. त्यांनी जास्त वेळ इतरांच्या अंगावरचे केस विंचरायला घेतले, तेही आधीपेक्षा जास्त जणींचे. काही आठवड्यांत हार्मोन्सची पातळीही खाली आली.

आपण 'उवा काढतायत' म्हणून हसतो ना, ते काम असं मोलाचं आहे. युगांडाच्या बुडोंगो जंगलातल्या चिंपांझींची लघवी तपासणारा एक अभ्यास 2013 साली आला. जवळच्या सोबत्याबरोबर केस विंचरून झाले की ऑक्सिटोसिन वाढलेलं दिसलं. हे तेच हार्मोन, जे बाळंतपणात कळा आणतं आणि आईला पान्हा फोडतं. गंमत म्हणजे सोबती नात्यातला आहे की नाही, याने फरक पडला नाही. फरक पडला तो घसट किती आहे याने. दोघांची फारशी ओळख नसेल, तर ऑक्सिटोसिन तेवढं वाढलं नाही.

म्हणून ऑक्सिटोसिनला नुसतं 'प्रेमाचं हार्मोन' म्हणून मोकळं होऊ नका. आयव्हरी कोस्टमधल्या चिंपांझींत शेजारच्या टोळीशी भिडायला निघतानाही ते वाढलेलं आढळलंय. 'आपली गँग' घट्ट होते, तेव्हा 'त्यांची गँग' परकी होते. कॉलेजच्या गॅदरिंगला हे आपण सगळ्यांनी पाहिलंय!

माणूस म्हणजे माकड नव्हे, एका हार्मोनवर आपलं वागणं ठरत नाही. पण एवढं लक्षात ठेवा, घरची आठवण येऊन पोटात गोळा येणं हा नेभळटपणा नाही. सोबतीने जगणाऱ्या प्राण्याचं शरीर तसंच वागतं. आणि त्यावरचा उपाय तासन्‌तास रील्स बघण्यात नाही. रोज त्याच दोघा-तिघांबरोबर चहा, नोट्सची देवाणघेवाण, केसांना तेल लावून देणं, असल्या फुटकळ गोष्टींतूनच घसट वाढते.

पुढच्या वेळी गडावर गेलात की माकडांना बिस्किटं टाकू नका. खाण्यावरून त्यांच्यात भांडणं लागतात आणि माणसांच्या पिशव्या ओढायची सवय लागते. त्यापेक्षा दहा मिनिटं लांब बसून बघा, कोण कुणाचे केस विंचरतंय. आणि होस्टेलवर परतल्यावर मेसमध्ये कुणी एकटंच जेवत असेल, तर ताट घेऊन त्याच टेबलावर बसा.