पेन कातायचे मशीन घेताना

अब्बा नोकरीतून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांची बायपास झाली. सारी उमर गाड्यांची इंजिने उघडण्यात आणि बसवण्यात गेलेली. डॉक्टरांनी बजावले, जड उचलायचे नाही, पण नुसते बसूनही राहायचे नाही. पहिली गोष्ट त्यांनी पाळली. दुसरी काही जमेना. सकाळचा पेपर संपला की खुर्ची दाराकडे वळवायची आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकत बसायचे. "हिचा टॅपेट वाजतोय," एवढेच काय ते बोलणे. अम्मी म्हणायची, घरात असून हा माणूस घरात नाही.

माझ्या धाकट्या भावाने एकदा त्यांना मोबाईलवर लाकडाचे पेन कातताना दाखवले. अब्बांनी ते तीनदा पाहिले आणि चष्मा पुसला. आम्ही ओळखले. फंडाच्या पैशांतून 25,000 रुपये काढायला अम्मी कबूल झाली. अट एकच होती, पुन्हा मागायचे नाहीत आणि हप्त्यावर काही आणायचे नाही.

त्यातले साडेसहा हजार आम्ही पहिल्याच महिन्यात घालवले. चूक माझी. मी ऑनलाइन पाहिले, फोटो सुंदर, मशीन वीतभर लांब, टेबलावर मावेल असे. आले ते खेळण्यासारखे. बारीक डीसी मोटर, ती चालवायला अ‍ॅडॉप्टर. बाभळीवर हत्यार टेकवले की मशीन थांबायचे. माळेचे मणी करायला ते ठीक असेल. अब्बांनी रागावून काही म्हटले नाही, फक्त त्याची दोन्ही टोके समोरासमोर आणून मला बोलावले. एक टोक दुसऱ्याच्या जवळजवळ दोन मिलिमीटर खाली होते. "यावर पेन गोल कसे होणार?" मशीन परत करायची मुदत तोवर उलटून गेली होती.

तुमच्या घरात कोणी या छंदाकडे वळत असेल, तर आमचे साडेसहा हजार तुमच्या तरी कामी यावेत म्हणून हे लिहिते आहे.

लाकडाचे लेथ मशीन, आमच्याकडची जुनी माणसे ज्याला खराद म्हणतात, ते पेनसाठी मोठे लागत नाही. पेनची लाकडी कांडी पाऊण इंच चौरस आणि पाच इंच लांब असते. ती दांडीवर चढवल्यावर फार तर आठ-नऊ इंच जागा व्यापते. म्हणून दोन टोकांमध्ये 12 इंच अंतर असलेले मशीन पुरते. त्यावर केवढ्या व्यासाचे लाकूड फिरेल हा आकडा दुकानदार मोठ्या अभिमानाने सांगतो. 8 इंच असो की 12, पेनला फरक पडत नाही. उद्या वाटी-कटोरा करायचा विचार असेल तर गोष्ट वेगळी. मोटर अर्ध्या हॉर्सपॉवरची असावी. वेग मिनिटाला पाचशे फेऱ्यांपासून तीन हजारांपर्यंत मिळावा. कांडी बारीक असल्यामुळे पेन दोन हजारांच्या पुढेच छान कातले जाते. वेग बटणाने बदलणारे मशीन महाग पडते. पट्टा एका पुलीवरून दुसरीवर टाकून वेग बदलणारे स्वस्त मिळते आणि त्यात बिघडण्यासारखे थोडे असते. अब्बांनी पट्ट्याचे निवडले. एका पेनमध्ये वेग फार तर दोनदा बदलावा लागतो.

आकड्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट दुकानात उभे राहून पाहायची असते. दोन्ही बाजूंना टोकदार सेंटर बसवायला सांगा आणि सरकणारी बाजू पुढे आणा. टोकाला टोक भिडले पाहिजे, केसाचाही फरक नको. मग फिरणारा दांडा हाताने वर-खाली हलवून पाहा. खडखड जाणवली तर बेअरिंग गेलेले आहे किंवा ते नीट बसवलेलेच नाही. मशीन पूर्ण वेगात चालवून त्यावर पाण्याचा पेला ठेवा. पाणी थरथरणारच, पण उसळायला लागले तर पुढच्या दुकानात जा. शेवटी बेअरिंगचा नंबर विचारा आणि तो गावातल्या बाजारात मिळतो का ते बघा. विक्रेत्याला हा प्रश्न आवडत नाही. जरूर विचारा.

आणखी एक. दोन्ही बाजूंना निमुळते भोक असते, त्याला मोर्स टेपर म्हणतात. त्यात निमुळती दांडी नुसती दाबली तरी घट्ट बसते. हे भोक 2 नंबरचे असेल तर पुढचे सारे सामान सहज मिळते. 1 नंबरचे असले तरी चालते, पण निवड कमी होते. आमच्या पहिल्या मशीनला ते भोकच नव्हते, म्हणजे पेन कातायची दांडी बसवायची सोयच नव्हती.

आता हत्यारे. सेटमध्ये आठ-आठ पटाश्या लाकडी पेटीत घालून देतात, दिसायला फार देखणे. पेनला तीन लागतात. चौकोनी कांडी गोल करायला रुंद गोल पटाशी, आकार द्यायला आणि गुळगुळीत करायला तिरप्या तोंडाची सपाट पटाशी, आणि कापायला पातळ पार्टिंग टूल. तिन्ही हायस्पीड स्टीलची घ्या. साध्या कार्बन स्टीलचे हत्यार ग्राइंडरवर जरा जास्त दाबले की निळे पडते आणि त्याचे पाणी उतरते. हायस्पीड स्टील तेवढी गरमी सोसते. हल्ली चौकोनी कार्बाइडचा तुकडा स्क्रूने लावलेली हत्यारेही मिळतात. एक बाजू बोथट झाली की तुकडा फिरवायचा, चारही बाजू वापरायच्या, धार लावायची कटकट नाही. ज्याला शिकवायला कोणी नाही त्याने बेलाशक तेच घ्यावे. त्याने लाकूड कापण्यापेक्षा खरवडले जाते, म्हणून शेवटी पॉलिशपेपर जास्त लागतो, एवढाच तोटा.

अब्बांना मात्र शिकवणारे मिळाले. आम्ही मिरजेचे. इथली सतार-तंबोऱ्याची घराणी मूळची शिकलगार, तलवारी-सुऱ्यांना धार लावणारी. 19व्या शतकात ती वाद्यांकडे वळली. आमच्या गल्लीतले एक चाचा अजून सतारीच्या खुंट्या करतात. अब्बांनी त्यांना मशीन बघायला बोलावले. चाचांनी मशीनकडे पाहिलेही नाही. पटाशी उचलली, अंगठ्याच्या नखावर टेकवली, ती घसरली. "भाईजान, पैसे कुठे घातलेत तुम्ही? ही तर चमच्यासारखी आहे." नवे हत्यार दुकानातून धार लावून येते असे आम्हाला वाटत होते. ते नुसते घासून येते, धार आपण लावायची असते.

म्हणून सांगते, पैशांचे गणित असे करा: निम्मे मशीनला, निम्मे बाकीच्याला. या बाकीच्यात पहिला नंबर ग्राइंडरचा. सहा इंची साधा बेंच ग्राइंडर पुरतो, पण त्याचे करडे दगड काढून पांढऱ्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची चाके बसवा. ती हत्याराला कमी तापवतात. चाचांनी अब्बांकडून पंधरा दिवस फक्त धार लावून घेतली. काळ्या मार्करने धारेची उतरण रंगवायची, चाकाला हलकेच टेकवायची आणि रंग कुठे पुसला ते बघायचे. वरच्या कडेला पुसला तर कोन चुकला, खालच्या कडेला पुसला तरी चुकला. पूर्ण पुसला की बरोबर. चाळीस वर्षांचा मेकॅनिक पहिलीतल्या मुलासारखा पटाशी दाखवायला जायचा आणि परत यायचा. अम्मी हसायची. घरात कितीतरी महिन्यांनी कोणी हसत होते.

ग्राइंडरनंतर मँड्रेल, म्हणजे कांड्या ओवायची पोलादी दांडी, आणि तिच्यावरचे बुश. बुश हेच माप. लाकूड कातत बुशाच्या पातळीवर आणले की थांबायचे. मागचे सेंटर 60 अंशांचे आणि दांडीबरोबर फिरणारे हवे. मागून फार आवळले तर मँड्रेल वाकतो आणि पेन एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होते. नवशिक्याला वाटते मशीन खराब आहे. दहातल्या आठ वेळा आवळणेच जास्त झालेले असते, हा अब्बांचा हिशेब.

कांडीला आरपार भोक पाडून त्यात पितळी नळी चिकटवायची असते. हे भोक सरळ जाण्यासाठी चांगला चक लागतो आणि तो महाग. आम्ही तो घेतला नाही. कोपऱ्यावरच्या फर्निचरवाल्याकडे उभे ड्रिल मशीन आहे, तिथून आठवड्याच्या कांड्या एकदम पाडून आणतो. ड्रिल थोडे आत घालायचे, बाहेर काढून भुसा झाडायचा, पुन्हा घालायचे. घाई केली तर लाकूड तापून फाटते. लाकडाचे तुकडेही त्याच्याकडचेच, शिसवी, सागवानी, बाभळीचे. सागवान हत्याराची धार लवकर मारते, त्यात वाळूसारखी सिलिका असते. फणसाचे पेन आधी पिवळेधमक दिसते आणि वर्षभरात तपकिरी होते, गिऱ्हाइकाला तसे सांगून द्यावे. लाकूड ओले नको. नळीवर ते सुकताना चिरते.

किट घेताना रिफीलचा विचार करा. सर्वांत स्वस्त सडपातळ किटला 7 मिलिमीटरची नळी लागते आणि त्यात क्रॉस पद्धतीची रिफील बसते, जी आमच्या गावातल्या स्टेशनरीच्या दुकानांत शोधावी लागते. पार्कर पद्धतीची रिफील कुठेही मिळते. तुम्ही दिलेले पेन सहा महिन्यांनी कोणाच्या ड्रॉवरमध्ये मुके पडून राहू नये. एकाच जातीचे किट धरून चाला. प्रत्येक किटचे ड्रिल वेगळे, बुश वेगळे, आणि नकळत मशीनइतकाच पैसा त्यात जातो. आपल्या देशात खरादावर पेन करण्याची परंपरा जुनी आहे. राजमहेंद्रीच्या रत्नम यांचे एबोनाइटचे पेन मिळाल्यावर 1935 मध्ये गांधीजींनी त्यांना वर्ध्याहून पत्र पाठवले होते. ते ऐकून अब्बांना एबोनाइटची कांडी हवी झाली. अम्मीने अटीची आठवण दिली.

अम्मीला दमा आहे. ही गोष्ट आम्ही मशीन घ्यायच्या आधी ठरवायला हवी होती, ठरवली नंतर. सुरुवातीला मशीन पुढच्या खोलीत होते आणि तिसऱ्या दिवशी रात्री तिला पंप घ्यावा लागला. लाकडाच्या धुळीला जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरले आहे, आणि शिसवासारख्या लाकडाची धूळ काहींना पुरळ व खोकला देते. खरी बारीक धूळ कातताना उडत नाही, पॉलिशपेपर मारताना उडते. आता मशीन मागच्या पडवीत आहे, दोन बाजू उघड्या. अब्बा एन-95 मास्क आणि पूर्ण चेहऱ्याची ढाल लावतात, काम झाले की ओल्या फडक्याने पुसतात आणि कुर्ता तिथेच काढून आत येतात. झटपट गोंदाची वाफही डोळ्यांत जाते, तो लावताना चेहरा बाजूला हवा. मी कातायला बसले की ओढणी काढून ठेवते, केस बांधते, बांगड्या-अंगठ्या उतरवते. हातमोजे घालायचे नाहीत. फिरते मशीन कापड पकडते आणि हात ओढून घेते.

हिशेब सांगायचा तर मशीन, ग्राइंडर, तीन हत्यारे, मँड्रेल आणि दहा किट एवढ्यात उरलेले पैसे संपले. मशीन नवे नाही, एका सुताराकडचे जुने आहे. टोके भिडवून बघून घेतलेले. पहिली नऊ पेने आम्ही वाटली, दहावे एका वकिलांनी विकत घेतले. यावर घर चालेल असे कोणी समजू नये, किट आणि पॉलिशचा खर्च सुटतो, वर थोडे राहते. या ईदला भाचरांना ईदीबरोबर एकेक पेन मिळाले. धाकट्या भाचीने ते उघडून आत काय आहे ते पाहिले, तेव्हा अब्बा तिला पडवीत घेऊन गेले. मार्कर तिच्या हातात होता.