खारपाणपट्ट्यातला पंचवीस-अकरा

सकाळी वडिलांनी डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवली आणि उजेडात धरली. काळंभोर दिसायला हवं ते ऑईल दुधाच्या चहासारखं झालं होतं. सोयाबीन निघालं होतं, हरभऱ्यासाठी रान तयार करायचं होतं, आणि आमचा एचएमटी २५११ दारात उभा.

घरात आम्ही त्याला 'पंचवीस-अकरा' म्हणतो. २५ अश्वशक्ती, दोन सिलेंडर. मूळ आराखडा चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरातल्या झेटर कंपनीचा. १९५३ साली बंगळूरला सुरू झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्सने १९७१ मध्ये हरियाणातल्या पिंजोरला तो बनवायला घेतला. वडिलांच्या मनगटावरचं घड्याळ आणि शेतातला ट्रॅक्टर एकाच नावाचे, याचं मला लहानपणी फार अप्रूप होतं. झेटरने त्या पिढीत फार शहाणपणाचं काम केलं. दोन, तीन आणि चार सिलेंडरच्या ट्रॅक्टरांचे पुष्कळसे भाग एकाच मापाचे ठेवले. २०१६ मध्ये केंद्र सरकारने पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय घेतला. आता मिळतात ते भाग खासगी कारखान्यांचे, आणि नुसत्या नावावर विसंबून ते घेता येत नाहीत. जुना भाग सोबत न्यायचा, मोजून बघायचा, मगच पैसे द्यायचे.

ऑईल दुधाळ झालं म्हणजे त्यात पाणी मिसळलं, एवढं कोणीही सांगेल. पाणी आलं कुठून, हा खरा प्रश्न. पहिल्या गॅरेजमध्ये हेड गॅसकेट गेलं म्हणून सांगितलं. हेड खोललं, नवं गॅसकेट टाकलं, ऑईल बदललं. आठ दिवसांत पुन्हा तोच चहा. मग शेगावातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पान्याला हातही लावला नाही.

"भाऊ, रातभर उभा राहू द्या. सकाई मी येतो. तवर चालू करू नका."

सकाळी त्यांनी चेंबरचा ड्रेन नट अर्धा फेरा ढिला केला आणि खाली काचेचा पेला धरला. आधी पाणी आलं, मग ऑईल. पाणी जड, ते रात्रभरात तळाला बसतं. इंजिन फिरवलं असतं तर दोन्ही घुसळून निघालं असतं. मग रेडिएटर भरलेलाच ठेवून त्यांनी चेंबर उतरवलं आणि इंजिनखाली वर्तमानपत्र अंथरलं. आम्ही चहा घेऊन आलो तोवर मागच्या सिलेंडरच्या बरोबर खाली कागदावर रुपयाएवढा ओला डाग पडला होता.

या इंजिनाच्या स्लीव्हला बाहेरून थेट पाणी लागतं. वरच्या बाजूला हेड गॅसकेट आणि खालच्या बाजूला रबरी रिंगा, एवढ्यावर ते पाणी अडलेलं असतं. आमचं पाणी खालून गळत होतं. स्लीव्ह ओढून काढली तेव्हा तिच्या बाहेरच्या अंगावर पांढरं कवच चढलेलं होतं. नखाने खरवडलं तर खडूसारखं पडत होतं. त्याच्या खाली लोखंडाला देवीच्या व्रणांसारखे खड्डे.

"विहिरीचं पाणी टाकता न रेडिएटरात?" मिस्त्रींनी विचारलं. "माणसाले पचत नाही थे, याले कसं पचन?"

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरला आहे, आणि शेगाव तालुक्यातली बरीच गावं त्यात येतात. इथल्या भूगर्भातल्या पाण्याने पिकं आणि माणसांच्या किडन्या यांचं काय होतं, यावर पुष्कळ बोललं जातं. यंत्रांबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मला हे लिहावंसं वाटलं. या पाण्यातले क्षार गरम स्लीव्हवर थर धरतात. थर चढला की उष्णता बाहेर पडत नाही, इंजिन तापतं, आणि तापलं की आपण आणखी तेच पाणी ओततो. शिवाय क्लोराइडं लोखंड खातात. पंचवीस-अकराला लोक म्हातारा म्हणून नावं ठेवतात. आमच्या ट्रॅक्टरला तरी वयाने नाही, विहिरीने बसवलं होतं.

ब्लॉकमध्ये रिंग टेकते ती जागाही खरबरीत झाली होती. तशा जागेवर नवी रिंग टाकली तरी पाणी वाट काढणारच. मिस्त्रींनी ती जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासली, बारीक खड्डे लोखंडी पुटीने भरले, एक दिवस वाळू दिले, पुन्हा घासले. नव्या रिंगांना मी ग्रीस लावायला गेलो तर त्यांनी हात धरला. ग्रीसने रबर फुगतं. साबणाचं पाणी लावायचं. स्लीव्ह दोन्ही तळव्यांनी दाबून बसवली. हातोडी लागली तर समजायचं की रिंग मुडपली.

हेड बसवायची घाई मलाच होती. त्यांनी खालच्या पाइपच्या तोंडाला लाकडी बूच ठोकलं, ब्लॉक पाण्याने भरला, खाली नवा कागद अंथरला आणि घरी निघून गेले.

बाकीची कामं त्या मानाने किरकोळ. एअर फिल्टरच्या वाटीत ऑईलऐवजी काळ्या मातीचा गाळ होता. काळा धूर त्यामुळेच येत होता. निळा धूर असता तर ऑईल जळतंय असं समजून पिस्टनच्या रिंगा तपासाव्या लागल्या असत्या. डिझेल लाइन हवा धरत होती, म्हणजे बोल्टाखालचे तांब्याचे वायसर कडक झाले होते. ते त्यांनी चिमट्यात धरून लालबुंद तापवले आणि पाण्यात टाकले. लोखंड असं केल्याने कडक होतं, तांबं मात्र मऊ पडतं. तेच वायसर परत बसवले. फिडपंपाची दांडी हाताने मारत आधी फिल्टरचा, मग डिझेल पंपाचा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. लिफ्टचं काम मात्र राहिलं. नांगर उचलून ठेवला की अर्ध्या तासात जमिनीला टेकतो; सील बदलावं लागणार, ते उन्हाळ्यात.

सकाळी उजाडायच्या आत मी टॉर्च घेऊन इंजिनखाली शिरलो. कागद कोरडा होता. मिस्त्रींनी मात्र तो उचलून दोन्ही बाजूंनी बोटं फिरवून पाहिला, मगच हेडचे नट हातात घेतले.

आता गोठ्याच्या टिनाच्या पन्हाळीखाली झाकणाचा ड्रम आहे. पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, टिनावरची धूळ जाते, त्यानंतरचं धरायचं. कूलंट मिसळून तेच रेडिएटरात जातं, कारण नुसत्या पावसाच्या पाण्यानेही गंज चढतोच. हरभरा पेरून झाला. वडील रोज सकाळी डिपस्टिक काढतात, उजेडात धरतात आणि लांबूनच मला दाखवतात.