ढग आला की

अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या गच्चीवर सौर पॅनेल, त्यांची वायर खाली प्रयोगशाळेत. टेबलावर ॲक्रिलिकची पारदर्शक पेटी. तिच्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण, निकेलच्या दोन जाळ्या आणि मधे सच्छिद्र पडदा. ऊन चढलं की ऋण बाजूच्या जाळीवर दुधाळ फेस धरतो, तो हायड्रोजन. पलीकडचे बुडबुडे मोठे, विरळ, तो ऑक्सिजन. मोजनळ्यांत प्रमाण दोनास एक. स्वच्छ इंधनाचा प्रश्न सुटला, असंच वाटावं.

तेवढ्यात ढग येतो. ॲमीटरचा काटा घसरतो, फेस विरतो. ‘सर, बंद करू?’ सहायक विचारतो, आणि उत्तराची वाट न बघता बटण दाबतो.

नुसतं उत्पादन घटलं असतं तर इतकी घाई नव्हती. पण पडद्यातून थोडा हायड्रोजन सतत ऑक्सिजनच्या बाजूला झिरपत असतो. भर उन्हात तो नगण्य. वीज घटली की ऑक्सिजन कमी निघतो, झिरपणं मात्र जवळपास तेवढंच राहतं. हायड्रोजनचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की मिश्रण पेटू शकतं. म्हणून विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारे मोठे इलेक्ट्रोलायझर २ टक्क्यांच्या आसपासच बंद करतात. त्यात या वायूची ज्योत दिवसा डोळ्यांना दिसतही नाही! सौर विजेवर हायड्रोजन काढायचा म्हणजे ही ऊन-सावली सांभाळायची.

आणि विजेचा हिशेब? किलोभर हायड्रोजनला किमान ९ लिटर पाणी आणि ५० ते ५५ युनिट वीज लागते. तोच किलो फ्युएल सेलमधून साधारण १७ युनिट परत देतो. आसामात जोरहाटला ऑइल इंडियाने एप्रिल २०२२मध्ये सुरू केलेल्या हायड्रोजन प्रकल्पाची क्षमता दिवसाला १० किलो. त्यासाठी ५०० किलोवॅटचं सौर केंद्र आहे. इतकी वीज वाटेत जाते, तेव्हा सौर विजेवर स्कूटर पळवायचीच असेल तर ती वीज सरळ बॅटरीत भरावी.

हायड्रोजनवाचून अडतं ते दुसरीकडे. मुंबईत माहुलच्या रिफायनऱ्यांना डिझेलमधलं गंधक काढायला तो लागतो, अलिबागजवळ थळच्या खत कारखान्याला अमोनियासाठी. असा हायड्रोजन सहसा नैसर्गिक वायूपासून काढतात आणि किलोमागे ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. उन्हातून मिळालेला प्रत्येक किलो आधी या कारखान्यांत जायला हवा. गाड्यांचं नंतर बघू.