शहानूरच्या चढावरील दरखास्त

उष्णकटिबंधातील सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे नारळाची झाडे, निळा समुद्र आणि वाळूत पहुडलेली निरुद्योगी माणसे उभी राहतात. परंतु कर्कवृत्त आपल्या उत्तरेस पुष्कळ दूर असल्यामुळे अवघे वऱ्हाडच उष्णकटिबंधात नांदते, आणि दाराशी सातपुडा असताना हिवरखेडच्या माणसाने गोव्यापर्यंतचे भाडे मोजण्याचे प्रयोजन नाही, असे आमचे शेजारी व्यायामशिक्षक मानतात. गेल्या दिवाळीच्या सुटीत त्यांनी आपले नवे कुटुंब नरनाळा किल्ल्यावर न्यावयाचे ठरवले आणि वडीलधारा साक्षीदार म्हणून मलाही ओढले.

गृहस्थ विधुर, त्यांना दोन मुलगे. बाई विधवा, त्यांना दहा वर्षांची एक मुलगी. दोघांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला त्याला जेमतेम वर्ष झालेले. मुलगी त्यांना 'काका' म्हणते, मुलगे तिच्या आईला 'मावशी' म्हणतात. अशा घरातील भेदाला आपण 'सापत्नभाव' म्हणतो, आणि तो शब्द सपत्नीवरून, म्हणजे सवतीवरून, आलेला असल्यामुळे जिथे सवत हयातही नाही तिथेसुद्धा भाषा तिला चुलीपाशी आणून बसवते.

महाराष्ट्राला अशी घरे नवीन नाहीत. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली बालविधवा आनंदीबाईंशी विवाह केला तेव्हा पहिल्या पत्नीचा मुलगा रघुनाथ अकरा वर्षांचा होता. त्यांच्या मुरुड गावच्या लोकांनी या विवाहापायी बहिष्कार घातला, आणि त्या बहिष्काराची हकिकत आपण आवडीने वाचतो. पण त्या मुलाला नव्या आईच्या हातचा पहिला घास कसा लागला असेल, हे विचारण्याचे आपल्याला सुचत नाही. जाता जाता सांगावयाचे तर, हेच कर्वे कोवळ्या वयात परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत घाट तुडवीत गेले होते आणि वयाने लहान दिसतात म्हणून परत पाठवले गेले होते. चालण्याचा ध्यास आणि दुसरा संसार यांची सांगड अशी जुनी आहे.

आमच्या शेजाऱ्यांचा ध्यास मात्र कर्व्यांसारखा गरजेतून आलेला नव्हे, तो अमरावतीचा. तेथील हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. तेथे शिकून आलेल्या माणसाला सुटी म्हणजे तालमीला पडलेला खाडा वाटतो. पहाटे साडेचारला फर्मान सुटले, पाचला सूर्यनमस्कार झाले, आणि अकोटवरून शहानूरच्या नाक्यावर नोंद करून आम्ही चढाला लागलो तेव्हा त्यांच्या हातात घड्याळ होते.

मोटार वरपर्यंत जाते, ही बातमी मुलांना नाक्यावरच कळली. तक्रारीचे बीज तिथे पडले.

दुसऱ्या वळणावर मुलगी रस्त्याकडेच्या दगडावर बसली. "काका, पाय दुखून राह्यले माहे," ती म्हणाली. काका एव्हाना पुढच्या वळणाआड गेले होते. इतका वेळ तिच्याशी शाळेतल्या परक्या मुलीसारखा वागणारा थोरला मुलगा थांबला, पिशवीतून संत्रे काढून त्याने सोलले, फोडी मोजून तीन वाटे केले, उरलेली एक फोड तिला दिली आणि अनुभवी कैद्याने नव्याला सांगावे तशा सुरात म्हणाला, "बाबाचं असंच असते. तू बसून घे." धाकट्याने पुस्ती जोडली की किल्ल्यावरही धावायला लावतील. मग तिघांनी मिळून दरखास्त ठरवली: उद्या वारीच्या हनुमानाला जाताना मोटार देवळापर्यंत न्यावी, आणि नमस्कार देवाला एकच घालावा.

मी हे सारे ऐकत होतो, आणि बाईही ऐकत होत्या. त्यांनी मला डोळ्यांनीच गप्प राहण्याची विनंती केली. वर्षभर त्यांनी एका ताटात जेवू घालून, सारखे कपडे शिवून जे साधण्याचा यत्न केला, ते नवऱ्याच्या जुलमाने आयतेच पदरात पडत होते.

सुमारे तीन हजार फुटांवरचा तो विस्तीर्ण किल्ला, १४८७ चा शिलालेख मिरवणारा महाकाली दरवाजा, दगडात कोरलेली त्याची कमळे, शक्कर तलाव आणि ती लांबलचक नौगजी तोफ, हे सारे आमच्या सेनापतींनी पाऊण तासात उरकले. माझ्या मते हा गुन्हाच होय, कारण तो दरवाजा एकटाच तासभर पाहण्याजोगा आहे. उतरताना मुलांनी मोटारीतली जागा पकडली, आणि आपली सहनशक्ती सिद्ध करण्यासाठी गृहस्थ तेवढे धावत खाली गेले.

येथे शरीरशास्त्राने मुलांची बाजू घेतली. चढावर दम लागतो. पण उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार पेलतो, त्यामुळे त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि सवय नसेल तर दुखणे त्याच दिवशी न येता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उगवते. आखाड्याच्या सपाट मातीत वाढलेल्या मांड्यांना हा हिशेब ठाऊक नव्हता.

दुसऱ्या दिवशी वान नदीकाठी, वारीच्या पायऱ्यांवर, व्यायामशिक्षक कठड्याला धरून एकेक पायरी आडवे उतरत होते, तरीही थांबावयाचे नाव नव्हते. मागून हाक आली, "काका, थांबा!" त्यांनी वळून पाहिले. मुलगी आईजवळ प्रसादाचा नारळ खात उभी होती. हाक मारली होती ती त्यांच्या सख्ख्या धाकट्याने, आणि थोरला तोंड दाबून हसत होता.